थडगं कोणाचं, हे शेवटी विचारा

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा पुन्हा एकदा व्हर्जिनावरून जुंपली. व्हर्जिना म्हणजे उत्तर ग्रीसमधलं एक छोटं गाव, तिथल्या मोठ्या टेकाडाखाली १९७७ साली मॅसिडोनियाच्या राजघराण्याची थडगी सापडली आणि तेव्हापासून आजपर्यंत सिकंदराचा बाप फिलिप दुसरा त्यातल्या नेमक्या कुठल्या थडग्यात आहे यावर भांडण चालू आहे. एकाने जुनी बातमी टाकली की पहिल्या थडग्यातल्या माणसाचा गुडघा आखडून जाम झालेला होता, फिलिप लंगडा होता, म्हणजे विषय संपला. दुसऱ्याने २०२५ ची बातमी टाकली की तो माणूस फिलिपच्या कितीतरी आधी मेलेला, सगळं खोटं निघालं. तिसऱ्याने लिहिलं की या पुरातत्त्ववाल्यांना धड काहीच माहीत नसतं, दर दोन वर्षांनी राजा बदलतात. मग दोन दिवस तेच, कोण बरोबर कोण चूक, ग्रीकांनी टुरिझमसाठी सगळं रचलंय का, शेवटी गाडी आपल्याकडच्या इतिहासावर घसरली आणि दोघं ग्रुप सोडून गेले. मी सगळं वाचत होते आणि जीव तुटत होता, कारण त्या २०२५ च्या अभ्यासात जे सगळ्यात मोठं होतं त्याबद्दल शे-दीडशे मेसेजमध्ये एक अक्षर नव्हतं.

ती गोष्ट म्हणजे सहा बाळं. त्या पहिल्या थडग्यात एक पुरुष, एक बाई आणि तान्ह्या बाळाची हाडं आहेत हे आधीपासून माहीत होतं. २०१५ मध्ये एका टीमने मांडलं ते असं, की पुरुष म्हणजे फिलिप, बाई म्हणजे त्याची शेवटची बायको क्लिओपात्रा (इजिप्तची नव्हे, ही वेगळी) आणि बाळ म्हणजे तिचं नुकतंच जन्मलेलं मूल, ज्याला फिलिपचा खून झाल्यावर सिकंदराच्या आईने, ऑलिम्पियासने, मारून टाकलं असं जुने लेखक सांगतात. गोष्ट इतकी चपखल बसते की ऐकणाऱ्याला शंका घ्यावीशीच वाटत नाही. मग दुसऱ्या टीमने त्याच हाडांचं कार्बन डेटिंग केलं. पुरुष पंचवीस ते पस्तीस वयाचा, मृत्यू इ.स.पू. ३८८ ते ३५६ च्या दरम्यान, आणि फिलिप तर मेला ३३६ मध्ये, चाळिशी उलटून गेल्यावर. बाई अठरा ते पंचवीसची. आणि बाळ एक नाहीच, किमान सहा बाळं, आणि तीसुद्धा इ.स.पू. १५० ते इ.स. १३० या काळातली! म्हणजे थडगं बंद झाल्यावर दोनशे ते पाचशे वर्षांनी, मॅसिडोनियाचं राज्य बुडून रोमन अंमल आल्यावर, चोरांनी पाडलेल्या भोकातून कोणीतरी आपली मेलेली बाळं आत सोडलेली.

आता सांगा, यातली बातमी कुठली? फिलिप नाही ही, की राजाच्या थडग्याची वाट त्या गावातल्या बायाबापड्यांना माहीत होती आणि पिढ्यान् पिढ्या ते तिथे आपली लेकरं ठेवत होते ही? कोण होती ती घरं? बाळंतपणात गेलेली मुलं होती की नको असलेली? वेगळ्या कबरीचा खर्च परवडत नव्हता की इतकं लहान मूल गावाच्या स्मशानात न्यायची रीतच नव्हती? यातल्या एकाही प्रश्नाला राजाचं नाव लागत नाही. माझं म्हणणं सरळ आहे आणि ते आधीच सांगून टाकते: थडगं कोणाचं हा प्रश्न पुरातत्त्वात शेवटचा असायला हवा, आपण तो पहिला करून ठेवलाय, आणि त्यामुळे बाकीचे सगळे प्रश्न उपाशी मरतायत. ग्रुपवर भांडणारे दोन्ही बाजूचे लोक मला एकाच पंगतीतले वाटतात. फिलिपच आहे म्हणणारा आणि फिलिप नाही म्हणून सगळं थोतांड म्हणणारा, दोघांनाही त्या मातीकडून फक्त एक नाव हवंय.

माझ्या विरुद्ध बाजूचे मुद्दे हलके नाहीत. सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की नाव म्हणजे काही नुसती मिरवायची गोष्ट नाही, नाव म्हणजे तारीख. फिलिपचा खून इ.स.पू. ३३६ मध्ये झाला हे पक्कं माहीत आहे, तो याच गावाच्या नाट्यगृहात, मुलीच्या लग्नाच्या सोहळ्यात झाला हेही माहीत आहे. तेव्हा एखादं थडगं त्याचंच ठरलं तर त्यातली प्रत्येक वाटी, प्रत्येक चित्र, दरवाजाची प्रत्येक पद्धत ३३६ ला बांधली जाते आणि मग अख्ख्या ग्रीक जगात तसलं भांडं सापडलं की त्याचा काळ सांगता येतो. पुरातत्त्वात असा एक खुंटा मिळणं किती मोठी गोष्ट आहे हे ज्यांनी कधी खापरांच्या ढिगासमोर बसून काळ ठरवायचा प्रयत्न केलाय त्यांनाच कळेल. हे मला मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे.

पण याच मुद्द्याची पुढची पायरी बघा. दुसरं थडगं, जे चोरांच्या हातून वाचलं, ज्यात सोन्याच्या पेटीत जाळलेल्या अस्थी होत्या आणि झाकणावर सोळा किरणांचा तारा, ते उघडणाऱ्या मानोलिस आंद्रोनिकोस यांनी फिलिपचं मानलं, आणि ग्रीसमधले बहुतेक अभ्यासक आजही तेच मानतात. पण त्या थडग्यात मीठ ठेवायच्या छोट्या वाट्या होत्या. अथेन्समधल्या तसल्याच वाट्यांवरून काही अभ्यासक म्हणाले की ही घडण ३३६ नंतरची आहे, तेव्हा हा फिलिप नसून त्याचा दुसरा मुलगा, सिकंदराचा सावत्र भाऊ अरिडायस असेल, जो ३१७ मध्ये मारला गेला. तसंच छताचं. दगडी कमानदार छत मॅसिडोनियात सिकंदराच्या पूर्वेच्या स्वारीनंतर आलं असं एक मत होतं, मग व्हर्जिनातच दुसरं एक कमानदार छताचं थडगं सापडलं जे फिलिपच्या हयातीतलं मानतात, आणि तो मुद्दा ढिला पडला. याला म्हणतात वाद घालणं! इथे वाटी, छत, हाड यांच्यावरून नावाकडे जायचं चाललंय. उलट आधी फिलिप ठरवून टाकला आणि मग त्यावरून वाटीचा काळ ठरवला, आणि उद्या त्याच वाटीवरून म्हटलं की बघा फिलिपच, तर ते आपल्याच शेपटीमागे फिरणं झालं. खुंटा हवाच, पण तो आधी जमिनीत घट्ट बसलाय का ते बघायला नको का?

हाडांच्या बाबतीतही तेच झालं. एका युद्धात फिलिपचा उजवा डोळा बाणाने गेला होता. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका टीमने दुसऱ्या थडग्यातल्या कवटीवरून चेहरा उभा केला, उजव्या डोळ्यावर जखमेची खूण दाखवली आणि तो चेहरा जगभर गेला. २००० मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने तीच कवटी तपासून सांगितलं की ही जखम नाही, चितेच्या आगीत हाड तडकल्याची भेग आहे. पायाचं चिलखतही तसंच, नडग्यांवर बांधायचे दोन पत्रे सापडले, डावा उजव्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटरने लहान, लगेच लंगडा फिलिप. पण ते पत्रे होते पुढच्या खोलीत, जिथे एका बाईच्या अस्थी होत्या, आणि नंतर त्या बाईच्याच डाव्या नडगीचं हाड मोडल्याची खूण मिळाली. म्हणजे बाणांचा भाता, चिलखत, सगळी हत्यारं बहुधा तिची! एक लंगडत चालणारी, शस्त्रं बाळगणारी, तिशीच्या आसपासची बाई इतकी वर्षं आपल्यासमोर होती आणि आपण तिच्या पायातून राजाचा लंगडेपणा शोधत होतो. या एका गोष्टीने मला जितकं हलवलं तितकं सोन्याच्या पेटीने कधी हलवलं नाही.

हे काही आजचं नाही. १८७६ मध्ये हाइनरिश श्लीमान या जर्मन उत्खननकाराने ग्रीसमधल्या मायसिनीला सोन्याचा मुखवटा काढला आणि तो आगमेम्नॉनचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीकांच्या सेनापतीचा, म्हणून जगाला सांगितला, आजही अथेन्सच्या म्युझियममध्ये लोक त्याच नावाने तो बघायला रांग लावतात. ती कबर ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या तीनेकशे वर्षं आधीची. त्याआधी ट्रॉयला त्याने प्रायम राजाचा खजिना म्हणून जे काढलं ते तर हजारेक वर्षांनी जुनं होतं, आणि प्रायमपर्यंत लवकर पोचायच्या घाईत त्याने टेकडीच्या मधोमध जो प्रचंड चर खणला त्यात वरचे थर गेले, म्हणजे ज्या काळाचं ट्रॉय त्याला हवं होतं त्याच्याच भिंती त्याने फोडून फेकून दिल्या. याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही. नाव आधी डोक्यात असलं की कुदळ वेगळी पडते. श्लीमानवर आज टीका करणं सोपं आहे, पण २०१४ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या ॲम्फिपोलिसला काय झालं?

तिथल्या कास्ता टेकडीभोवती जवळजवळ पाचशे मीटर घेराची संगमरवरी भिंत सापडली, आत दोन स्फिंक्स, दोन स्त्रीमूर्तींचे खांब, जमिनीवर पर्सेफोनी देवीच्या अपहरणाचं मोझेक. खोदकाम चालू असतानाच ऑगस्टमध्ये खुद्द पंतप्रधान जागेवर गेले, आणि पुढचे तीन-चार महिने ग्रीसमध्ये रोज संध्याकाळी टीव्हीवर एकच प्रश्न, आत कोण? ऑलिम्पियास, सिकंदराची बायको रोक्साना, काहींनी तर थेट सिकंदर म्हटलं, खरं तर सिकंदर अलेक्झांड्रियात पुरला गेला हे जुने लेखक स्वच्छ सांगतात. जानेवारी २०१५ मध्ये हाडांचा निकाल आला. किमान पाच माणसं. साठीच्या पुढची एक बाई, पस्तीस ते पंचेचाळीसचे दोन पुरुष आणि त्यातल्या एकाच्या अंगावर शस्त्राचे वार, एक तान्हं बाळ, आणि एक जाळलेलं प्रौढ माणूस ज्याचे मोजकेच तुकडे उरले होते. मला विचाराल तर इथून खरी गोष्ट सुरू व्हायला हवी होती, साठी ओलांडलेली बाई आणि तान्हं बाळ एका राजेशाही थडग्यात का, वार झालेला माणूस त्याच वेळचा की नंतरचा. पण नाव मिळालं नाही म्हणून कॅमेरे उठून गेले. पुढे सिकंदराचा जिवलग मित्र हेफायस्टियन याचं नाव आलं, त्यावरही अभ्यासकांचं एकमत झालं नाही, आणि दहा वर्षं उलटली तरी ती जागा सामान्य माणसाला बघायला खुली झालेली नव्हती.

म्हणून "नावामुळे पैसा येतो, लोक येतात, नाहीतर हाडांना कोण विचारतंय" हा जो दुसरा मुद्दा आहे तो मला अर्धाच पटतो. व्हर्जिनाला पैसा आला हे खरं, तिथला राजवाडा सोळा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२४ च्या जानेवारीत खुला झाला, त्याच्या आधी नवं म्युझियम झालं, टेकाडाच्या आत थडग्यांभोवती बांधलेलं म्युझियम तर अप्रतिम आहे असं जाऊन आलेले सगळे सांगतात, आणि गावातल्या लोकांचं पोट त्यावर चालतं. हे मी नाकारत नाही, आपल्याकडे एखाद्या लेण्याजवळ साधी स्वच्छतागृहं व्हायला किती वर्षं लागतात ते बघितल्यावर तर अजिबातच नाकारत नाही. पण नावावर आलेला पैसा नावाबरोबर जातो. आणि लोकांना फक्त राजेच आवडतात हे आपण परस्पर ठरवलंय.

फालिरोचं उदाहरण घ्या. अथेन्सच्या जुन्या बंदराजवळ नॅशनल लायब्ररी आणि ऑपेराची नवी इमारत बांधताना पुरातन स्मशान लागलं, इ.स.पू. आठव्या ते चौथ्या शतकातलं, दीड हजाराहून जास्त सांगाडे. २०१६ मध्ये त्यात सामुदायिक कबरी सापडल्या, ऐंशीच्या आसपास माणसं ओळीने टाकलेली, बहुतेक तरुण, दात धड, तब्येतीने चांगली, आणि त्यातल्या कित्येकांच्या मनगटात लोखंडी बेड्या. काही उताणे, काही पालथे. शेजारी सापडलेल्या दोन छोट्या भांड्यांवरून काळ इ.स.पू. ६५० ते ६२५. ते फोटो जगभर फिरले, कुठला राजा नाही, सोनं नाही, तरी लोक थांबून बघत राहिले. मी स्वतः तो एक फोटो किती वेळ बघत बसले होते, गंजून हाडाला चिकटलेलं लोखंडाचं कडं आणि त्याच्या आत मनगट, अडीच हजार वर्षांनीही न सुटलेलं. लगेच नाव आलंच, इ.स.पू. ६३२ च्या सुमारास कायलॉन नावाच्या माणसाने अथेन्सची सत्ता बळकवायचा प्रयत्न केला होता, त्याचे साथीदार मंदिरात आश्रयाला गेले, जीव वाचवायचं वचन देऊन त्यांना बाहेर काढलं आणि मारलं, तेच हे असतील. असतील, काळ जुळतो. पण नसले तर? नसले तर त्या कबरींची किंमत कमी होते का? लोकशाहीची गाथा आपण ज्या शहरापासून सुरू करतो तिथे, लोकशाही यायच्या शंभर वर्षं आधी, ऐंशी माणसांना बेड्या घालून एका जागी संपवायची ताकद कोणाकडे तरी होती, हे कायलॉन असो नसो खरंच आहे.

आणि बिननावाची हाडं नाववाल्यांचा इतिहास दुरुस्त करतात, हे सिसिलीतल्या हिमेराने दाखवलं. तिथे इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीकांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला हरवलं आणि ४०९ मध्ये कार्थेजने हिमेरा उद्ध्वस्त केलं. हेरोडोटस आणि डायोडोरस या दोन जुन्या ग्रीक इतिहासकारांचं वाचलं तर ४८० चा विजय म्हणजे ग्रीक शहरं एकमेकांच्या मदतीला धावून गेली त्याची कथा. त्या लढायांतल्या सैनिकांच्या सामुदायिक कबरी सापडल्या, दातांच्या रासायनिक तपासणीतून माणूस कुठल्या पाण्यावर वाढला ते कळतं, तर ४८० च्या सैनिकांतले दोन तृतीयांश बाहेरचे निघाले. २०२२ मध्ये डीएनए आला तेव्हा त्यातले काही थेट उत्तर युरोपातले, काही काळ्या समुद्राच्या पलीकडच्या गवताळ प्रदेशाकडचे. म्हणजे बहुधा भाडोत्री सैनिक, ज्यांना त्या विजयाच्या कथेत जागाच मिळाली नव्हती. ४०९ मध्ये, जेव्हा शहर जवळजवळ एकटं लढलं, तेव्हाच्या कबरींत मात्र तीन चतुर्थांश स्थानिक. हे कुठल्या सेनापतीचं थडगं सापडून कळलं असतं? माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतलं ग्रीक जगाबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे आणि आमच्या ग्रुपवर ते कोणालाच माहीत नव्हतं.

नाव नसलेल्या एका माणसाकडून किती मिळू शकतं हे बघायचं असेल तर दक्षिण ग्रीसमधल्या पायलोसला चला. २०१५ च्या मे महिन्यात सिनसिनाटी युनिव्हर्सिटीच्या जॅक डेव्हिस आणि शॅरन स्टॉकर यांना ऑलिव्हच्या बागेत एक न लुटलेली कबर लागली, इ.स.पू. १४५० च्या सुमाराची, तीस-पस्तीस वर्षांचा पुरुष आणि त्याच्याभोवती दीड-दोन हजार वस्तू. त्याचं नाव कळणार नाही, कळायचा मार्गच नाही, म्हणून सोबतच्या हस्तिदंती पट्टीवर ग्रिफिन (गरुडाचं डोकं, सिंहाचं अंग असा काल्पनिक प्राणी) कोरलेला होता त्यावरून त्याला ग्रिफिन वॉरियर म्हणतात. त्या कबरीत चुन्याच्या थराने माखलेला, मणी वाटावा असा एक खडा होता, साडेतीन सेंटिमीटरचा. साफ करायला वर्षभर लागलं आणि २०१७ मध्ये त्यावर जे दिसलं ते बघून अभ्यासक थक्क झाले, दोन योद्धे भिडलेत, एक पडलाय, स्नायू, केसांच्या बटा, तलवारीच्या मुठीची नक्षी, काही रेषा अर्ध्या मिलिमीटरच्या. सोन्याच्या चार अंगठ्या, क्रीटच्या धाटणीच्या. मुख्य भूमीवरच्या ग्रीकांनी क्रीट जिंकून लुटलं की त्यांच्याशी सोयरीक केली की त्यांचे देवच घेतले, हा जो शंभर वर्षांचा वाद आहे त्यात या एका बिननावाच्या माणसाने जितकी भर घातली तितकी श्लीमानच्या सगळ्या राजांनी मिळून घातली नाही.

आणि त्याच पायलोसला १९३९ मध्ये कार्ल ब्लेगेनने पहिल्याच दिवशी मातीच्या पाट्या काढल्या. इ.स.पू. १२०० च्या आसपास राजवाडा जळाला म्हणून त्या भाजून टिकल्या. १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने त्यांवरची लिपी सोडवली, भाषा ग्रीकच निघाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता होमरचे राजे बोलणार. निघाल्या याद्या. मेंढ्या किती, लोकर किती, कोणत्या बायका कामाला, कोणी मिलेटसकडची, कोणी लेम्नॉसची, सोबत पोरं किती, त्यांना गहू आणि अंजीर किती द्यायचे. सातशेच्या वर बायकांच्या नोंदी, बहुतेक समुद्रापलीकडून आणलेल्या, आणि बहुतेकींची स्वतःची नावं नाहीत. क्रीटमधल्या नॉसॉसच्या पाट्यांवर मात्र बैलांची नावं आहेत! केलाइनोस म्हणजे काळा, पोदार्गोस म्हणजे पांढऱ्या पायाचा, क्सूथोस म्हणजे पिवळट. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या आजोळच्या गोठ्यातले ढवळ्या-पवळ्या डोळ्यांपुढे आले, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपला बैल तसाच हाक मारून बोलवत होतं. निराशा झाली होती म्हणे तेव्हा काही लोकांची, महाकाव्य मिळालं नाही म्हणून. मला तर वाटतं याहून जास्त मिळणं शक्यच नव्हतं.

राहिला तिसरा मुद्दा, अस्मितेचा, आणि तो नाजूक आहे. ग्रीक माणसाला विचारलं तर तो म्हणेल, तुम्हाला लांब बसून बोलायला काय जातंय, आमच्या शेजारच्या देशाने (आजचा उत्तर मॅसिडोनिया) १९९२ मध्ये व्हर्जिनाचा तारा आपल्या झेंड्यावर घेतला, १९९५ मध्ये काढला, देशाच्या नावाचा वाद २०१८ च्या कराराने मिटेपर्यंत सत्तावीस वर्षं गेली, त्यांनी राजधानीत घोड्यावरच्या योद्ध्याचा अवाढव्य पुतळा उभारला, अशा वेळी फिलिप आमच्या मातीत आहे हे सांगणं म्हणजे आमच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे. ही भावना खोटी आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही, आपण मराठी माणसं तर ती चांगलीच ओळखतो. पण एका राजाच्या मांडीच्या हाडावर देशाचा दावा टेकवला की उद्या ते हाड दुसऱ्याचं निघाल्यावर काय करायचं? मग प्रयोगशाळेतला माणूस देशद्रोही ठरतो. हाडं तपासणाऱ्याने निकाल देताना आधी बाहेरच्या घोषणा ऐकायच्या का? ग्रीसचा त्या मातीवरचा हक्क तिथे अडीच-तीन हजार वर्षं बोलल्या गेलेल्या भाषेत आहे, व्हर्जिनाच्याच टेकाडात सापडलेल्या साध्या लोकांच्या थडग्यांच्या दगडांवर आहे, त्यावरची नावं ग्रीक आहेत. आंद्रोनिकोस यांनी आधी ते दगड वाचले होते, राजे नंतर सापडले.

नाव मिळालं म्हणजे माणूस मिळाला असंही नसतं, याचा पुरावा तर आपल्या घराजवळ आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीचे खांब आहेत, त्यातल्या काहींवर ब्राह्मी लिपीत कोरलंय की हा खांब धेनुकाकटच्या अमक्या यवनाचं दान. यवन म्हणजे मुळात ग्रीक. नाव आहे, गाव आहे, जात-जमात सांगितल्यासारखी आहे, आणि तरी सिंहधय हे नाव असलेला तो माणूस ग्रीक बापाचा होता, की ग्रीक वस्तीत राहणारा व्यापारी, की दोन-तीन पिढ्यांत इथलाच होऊन गेलेला, आणि ते धेनुकाकट नेमकं कुठे, हे आजही ठरलेलं नाही. एकवीरेला येणारे हजारो लोक त्या खांबांच्या बाजूने जातात. मी मागच्या वेळी मोबाईलच्या उजेडात ती अक्षरं बोटाने न शिवता बघत उभी होते आणि शेजारचे एक काका म्हणाले, "म्हणजे ग्रीक इथे होते ना, झालं तर मग." झालं कुठे काका, तिथून तर सुरू होतं.

बाळांकडे परत येते, कारण ती डोक्यातून जात नाहीत. एजियन समुद्रात ॲस्टिपालिया नावाच्या छोट्या बेटावर किलिंद्रा म्हणून जागा आहे, तिथे मडक्यांत पुरलेली २७०० च्या वर तान्ही बाळं सापडलीत, शतकानुशतकं पुरत आलेली, जगात कुठेच इतकी नाहीत. अभ्यासक आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं एकेक मडकं घेऊन आतली माती अलगद काढतात आणि सुपारीएवढी हाडं मोजून वय ठरवतात. आपल्याकडे शिरूरजवळ इनामगावला डेक्कन कॉलेजने जे खोदकाम केलं त्यात घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवलेली बाळं मिळाली होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, काळ वेगळा, लोक वेगळे. पण मूल गेल्यावर घरातलं मडकं हाताशी घेणाऱ्या त्या आया मला फिलिपपेक्षा जास्त समजतात, आणि व्हर्जिनाच्या भोकातून आत सोडलेल्या सहा बाळांबद्दल काही कळायचं असेल तर ते किलिंद्रासारख्या कामातूनच कळेल.

सध्या असाच एक प्रसंग पुन्हा समोर आहे. क्रीटमध्ये कास्तेलीला नवा विमानतळ होतोय, त्याच्या रडारसाठी पापुरा टेकडीचा माथा खणताना २०२४ मध्ये एक गोल इमारत लागली, ४८ मीटर व्यासाची, एकात एक अशा आठ दगडी कड्यांची, इ.स.पू. २००० ते १७०० च्या आसपासची. असलं काही मिनोअन जगात, म्हणजे क्रीटच्या त्या जुन्या संस्कृतीत, आधी सापडलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच मथळे आले, मिनोटॉरचा, म्हणजे पुराणकथेतल्या बैलाच्या डोक्याच्या राक्षसाचा, चक्रव्यूह सापडला. त्या दगडांच्या आत प्राण्यांची भरपूर हाडं मिळालीत, लोक ठरावीक वेळी तिथे जमून जेवणावळी करत असावेत असा पहिला अंदाज आहे. मिनोटॉरचं काय ते राहू दे. ती हाडं मेंढ्यांची की बैलांची, कोवळ्या जनावरांची की म्हाताऱ्या, कुठल्या ऋतूत कापलेली, आणि इतक्या उंच माथ्यावर किती गावांमधून माणसं चढून येत होती, कोण वाढत होतं आणि कोण पंगतीला बसत होतं, ते मला वाचायचंय. रडार दुसरीकडे हलवा म्हणून तिथले लोक भांडतायत, त्यांच्या बाजूने मी आहे.